धनावरचे नागोबा

पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो, अशी आपल्याकडे खेडोपाडी समजूत आहे. कृपण सावकार मेल्यावर नाग होतो आणि आपल्याच हंड्याभोवती वेटोळे घालून बसतो. ते धन त्याला खाता येत नाही, ल्यायला येत नाही, कोणाला देता येत नाही. कोणी जवळ आला की फणा काढायचा, एवढाच त्याचा उद्योग. शाळेत मुलांना मी ही भोळी समजूत आहे असेच शिकवतो. परंतु जॅझ संगीताच्या जुन्या, बाजारातून नाहीशा झालेल्या ध्वनिमुद्रिका शोधत काही वर्षे हिंडल्यावर माझे मत बदलले आहे. नाग आहेत, आणि ते दोन जातींचे आहेत. एक कंपनीच्या तळघरात राहतो. तो गाणे स्वतः छापत नाही आणि दुसऱ्याला छापू देत नाही. दुसरा शौकिनाच्या काचेच्या कपाटात राहतो. तो गाणे स्वतः वाजवत नाही आणि दुसऱ्याला ऐकू देत नाही. सणासुदीला भांडण नको, असे घरातली वडील मंडळी म्हणतील. पण मला आज या दोघांशीही भांडायचे आहे.

कॉलेजची पायरी न चढलेल्या मास्तराला हा विलायती नाद कुठून लागला, असे वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. माझ्या एका कादंबरीत मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवणारा एक गोवेकर येतो. तो तरुणपणी काय ऐकत असेल, हे ऐकल्यावाचून मला त्याच्याविषयी एक ओळ लिहिता येईना. म्हणून सुट्टीत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जाऊ लागलो. काळ्या घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाल्यावर धुळीत बसून तबकड्या चाळण्याला पर्यायही फारसा उरला नव्हता. कादंबरी पुरी झाली. नाद मात्र सुटला नाही.

ज्यांचा जॅझशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझे सारे भांडण तिच्यावर उभे आहे. न्यू ऑर्लीन्स शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांत जन्मलेल्या या संगीताचा प्राण आयत्या वेळच्या रचनेत आहे. चाल ठरलेली असते, पण तिच्यावर वादक त्या क्षणी जे सुचेल ते बांधत जातो. आपल्या गवयासारखेच हे. बंदिश वहीत उतरवता येते; पण त्या संध्याकाळी मारव्याने गवयाला कुठल्या गल्लीत नेले, ते वहीत उतरत नाही. पुस्तक नाहीसे झाले तर एका फाटक्या प्रतीवरून पुन्हा छापता येते. नाटकाची संहिता हाती असली तर शंभर वर्षांनीही पडदा वर जातो. जॅझच्या वादकाने मात्र त्या दुपारी स्टुडिओत जी सात मिनिटे घडवली, ती त्या फितीवर आणि त्या तबकडीवर आहेत. तिसऱ्या ठिकाणी नाहीत. म्हणून जॅझची तबकडी ही संगीताची आठवण नव्हे, ती संगीतच आहे. ती कोणाला ऐकू येईनाशी झाली, म्हणजे तो माणूस दुसऱ्यांदा मेला.

आता पहिल्या नागाकडे वळू.

न्यूयॉर्कला टीना ब्रुक्स नावाचा एक सॅक्सोफोनवादक होता. नाव बाईचे वाटले तरी माणूस पुरुष. ब्लू नोट या कंपनीसाठी त्याने १९५८ ते १९६१ या काळात स्वतःच्या नावाने चार ध्वनिमुद्रिका केल्या. त्याच्या हयातीत त्यांतली एकच, १९६० सालची, बाजारात आली. दुसरीला क्रमांक मिळाला, मुखपृष्ठ तयार झाले आणि तबकडी निघालीच नाही. १९६१ नंतर तो पुन्हा स्टुडिओत गेला नाही. व्यसनाने शरीर पोखरले आणि १९७४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो गेला. एखाद्या लेखकाने चार कादंबऱ्या लिहाव्यात, प्रकाशकाने तीन पेटीत ठेवाव्यात आणि लेखकाने आपण नापास झालो असे समजून डोळे मिटावेत, तसे हे झाले. मीही कादंबऱ्या लिहितो. या गोष्टीने माझ्या पोटात गोळा येतो.

ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन कंजूष नव्हता, हेही सांगायला हवे. जर्मनीतून आलेल्या या ज्यू निर्वासिताने १९३९ साली कंपनी काढली आणि ध्वनिमुद्रणापूर्वीच्या सरावाचेसुद्धा पैसे तो वादकांना देत असे. पण पुढे कंपनी विकली गेली, एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेली, आणि तळघरातल्या फिती म्हणजे हिशेबाच्या वहीतली एक ओळ झाली. १९७५ च्या सुमारास मायकेल कस्कुना नावाचा एक वेडा त्या तळघरात शिरला आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रणांचा ढीग त्याने उजेडात आणला. टीना ब्रुक्सची एक राहिलेली तबकडी १९८० साली प्रथम निघाली ती जपानात. नंतर १९८५ साली कस्कुनाच्याच मोझेक या छोट्या कंपनीने चारही एकत्र काढल्या, पण ठराविक हजार प्रतींपुरत्या, कारण मूळ हक्कदाराची परवानगी तेवढीच. प्रती संपल्या आणि तो संच पुन्हा दुर्मिळ होऊन बसला! आज ही ध्वनिमुद्रणे नव्याने निघालेली आहेत आणि जगभर लोक ती ऐकतात. मग मागणी नव्हती, या कंपन्यांच्या नेहमीच्या सबबीचे काय झाले? जे कोणी ऐकलेच नाही ते कोणी मागायचे कसे?

हा एकट्या ब्रुक्सचा दुर्दैवविलास नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी २००५ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. १८९० ते १९६४ या काळातल्या, अभ्यासकांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या ध्वनिमुद्रणांपैकी हक्कदार कंपन्यांनी किती बाजारात ठेवली आहेत, हे तीत मोजले होते. उत्तर आले शेकडा १४. आणि ज्यांच्याकडे हक्क नव्हता अशा लहानसहान प्रकाशकांनी व परदेशी मंडळींनी आणखी शेकडा २२ उपलब्ध केली होती. म्हणजे ज्यांचे घर, त्यांच्यापेक्षा वाटसरूंनीच दिवे अधिक लावले.

कंपन्या म्हणतात, छापले नाही तरी आमच्याकडे सुरक्षित आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. त्यात गाण्यांच्या मूळ फितींचे भांडारही सापडले होते, हे जगाला नीट कळले ते २०१९ साली, न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले तेव्हा. किती जळाले यावर कंपनीचे आणि वार्ताहराचे पटत नाही. न पटो! आपल्या घरी लग्नातली भांडी जळाली तर दुसऱ्या दिवशी गावाला कळते. इथे एका पिढीचे गाणे जळाले की वाचले, हे कळायला अकरा वर्षे लागतात. याला सुरक्षित म्हणायचे असेल तर असुरक्षित कशाला म्हणायचे?

कायदाही बहुतेक वेळा नागाच्याच बाजूने असतो. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्याप्रमाणे १९५७ साली निघालेली तबकडी सर्वांना मोकळी होणार २०६७ साली. म्हणजे ११० वर्षांनी. वादक गेला, त्याची मुले गेली, नातवंडांच्या कानांना ऐकू येईनासे झाले, की मग गाणे मोकळे! हक्क असू नये असे मी म्हणत नाही. लिहून चार पैसे मिळवणारा माणूस असे म्हणणार नाही. पण हक्काबरोबर कर्तव्य येते. जमीन पडीक ठेवणाऱ्या मालकाला आपण कूळकायदा दाखवला. गाणे पडीक ठेवणाऱ्याला काय दाखवायचे?

युरोपने ते दाखवले आहे. तिथे २०११ साली ध्वनिमुद्रिकेचा हक्क ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेला, पण एक अट घातली. पन्नास वर्षांनंतर कंपनी पुरेशा प्रती विक्रीला ठेवत नसेल, तर वादकाने नोटीस द्यावी. वर्षभरात कंपनी जागी झाली नाही तर तिचा हक्क संपला. छापा, नाही तर सोडा. इतके सरळ वाक्य कायद्याच्या पुस्तकात क्वचित सापडते. आपल्याही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ३१ वे कलम आहे. प्रसिद्ध झालेली कृती मालक पुन्हा काढायला नकार देतो आणि त्यामुळे ती लोकांना मिळेनाशी होते, तेव्हा वाजवी मोबदला ठरवून दुसऱ्याला परवाना देण्याची सोय त्यात आहे. शस्त्र घरात आहे. ते खुंटीवरून काढणारा हवा.

इथपर्यंत माझे शौकीन मित्र माना डोलावतील. कंपन्यांना शिव्या दिलेल्या त्यांना आवडतात. आता त्यांनी थोडे सावरून बसावे, कारण दुसरा नाग त्यांच्या कपाटात आहे.

जॅझच्या जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांचे एक निराळेच शास्त्र आहे. ब्लू नोटची तबकडी हाती आली की हे लोक ती आधी वाजवत नाहीत, वाचतात. मधल्या कागदावर कंपनीचा पत्ता कोणत्या रस्त्याचा छापला आहे? त्या कागदाखाली खोल चर आहे की नाही? गाणे संपते तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात कानाच्या आकाराची बारीक खूण आहे का? ती प्लास्टिलाइट या कारखान्याची खूण. शेजारी रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरे आहेत का? हा व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे देई आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रण करी. त्या घरगुती खोलीत जगातले काही उत्तमोत्तम संगीत मुद्रित झाले. हे सारे जाणून घेण्यासारखे आहे, मीही ते आवडीने जाणून घेतले. पण पत्रिका पाहता पाहता नवरीचे तोंड पाहायचे राहून जावे, तशी या मंडळींची गत होते.

हँक मोब्ली या सॅक्सोफोनवादकाची १५६८ क्रमांकाची १९५७ सालची तबकडी घ्या. तिची पहिल्या छपाईची चांगली प्रत लिलावात हजारो डॉलरला जाते. आपल्या हिशेबाने काही लाख रुपये. हातोडा पडला की टाळ्या वाजतात. त्यातला एक डॉलरही कधी मोब्लीकडे गेला नाही, कारण तबकडी पुन्हा विकली गेली तर वादकाला काही मिळत नसते. त्याची फुप्फुसे बिघडली, वाजवणे सुटले, शेवटची वर्षे हलाखीत गेली आणि १९८६ साली तो वारला. त्याच्या नावाची तबकडी बंगल्यासारखी महाग आणि त्याला स्वतःला धड घर नाही! पंढरीची वाट चालणाऱ्याला पाणी न देता त्याच्या पादुका सोन्याने मढवाव्यात, तसे हे प्रेम आहे.

मुंबईत अशाच एका वृद्ध गृहस्थांकडे मी गेलो होतो. ओळखीने गेलो होतो, त्यांनी चहा दिला, प्रेमाने कपाट उघडले. शिसवी कपाट, प्रत्येक तबकडीला बाहेरून वेगळे पारदर्शक आवरण, आत दमट हवा शोषणाऱ्या पुड्या. मी दोन वर्षे शोधत होतो ती ध्वनिमुद्रिका तिथे होती. मी म्हणालो, "काका, एक बाजू लावता का?" त्यांनी ती माझ्या हातून अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "मास्तर, ही लावायची नसते. सुईने झिजते." मी विचारले, "मग तुम्ही कधी ऐकलीत?" ते हसले. "घेतल्यापासून नाही ऐकली. पण आहे ना माझ्याकडे!" त्या "आहे ना माझ्याकडे" या शब्दांत मला फणेचा आवाज आला. माणूस वाईट नव्हता. चहा चांगला होता. पण त्या खोलीत गाणे नव्हते.

शौकिनांचे म्हणणे असे की आम्ही नसतो तर या तबकड्या भंगारात गेल्या असत्या. हे खरे आहे, आणि त्यासाठी त्यांना माझा दंडवत. कंपन्यांनी फेकले ते यांनी वेचले. पण विहीर वाचवली म्हणून तिला कुलूप लावण्याचा हक्क मिळत नाही. सुईने झिजते म्हणतात. तर एकदा नीट वाजवून तिची प्रत उतरवून घ्या, मग मूळ तबकडी खुशाल मखरात बसवा. आता ते काम घरच्या टेबलावर होते. दुसरे म्हणतात, शोधण्यातला आनंद निराळा असतो, सगळे सहज मिळाले तर गंमत काय राहिली? हा आनंद मी भोगला आहे, पावसात भिजून, लोकलला लोंबकळून भोगला आहे. पण माझ्या शोधाची गंमत टिकावी म्हणून हजारांनी बहिरे राहावे, हा न्याय कुठला? आणि तिसरे, तरुण मंडळी म्हणतात, मास्तर, हल्ली सगळे मोबाइलवर असते. सगळे नसते. जे असते ते करार संपला की एका रात्रीत दिसेनासे होते. आणि पुष्कळदा सॅक्सोफोन कोणी वाजवला, ड्रम कोणी वाजवला, हे तिथे लिहिलेलेही नसते. वादकांच्याच संगीतात वादकाचे नाव नसणे, म्हणजे दशावतारात दशरथ आहे आणि अवतार नाहीत असे झाले.

दुर्मिळ तबकडी कशी बाळगावी हे जपानकडून शिकावे. तिथे परदेशी तबकड्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या, तेव्हा छोट्या कॉफीघरांचे मालक त्या विकत घेत आणि एका कपाच्या किमतीत गिऱ्हाइकाला तासन् तास ऐकवत. योकोहामाचे चिगुसा हे असे एक घर. योशिदा मामोरू यांनी १९३३ साली उघडलेले. युद्धकाळात जॅझ हे शत्रूचे संगीत ठरले, १९४५ च्या बाँबहल्ल्यात दुकान तबकड्यांसह जळाले. त्यांनी पुन्हा तबकड्या जमवल्या, पुन्हा दार उघडले. पुढे जगभर नाव कमावलेले तोशिको आकियोशी आणि सादाओ वातानाबे हे वादक तरुणपणी तिथे बसून ऐकत शिकले. एक कपाट उघडे राहिले, तर त्यातून वादक निघतात. बंद राहिले तर वाळवी निघते.

हा प्रश्न परक्यांचाच आहे असे कोणी समजू नये. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबे, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आले आणि गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या आपल्या मुलांनी त्यांच्याकडून हे संगीत उचलले. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतलाच. त्याने आपल्या बँडच्या जॅझ तबकड्या काढल्या, सी. रामचंद्रांच्या संगीताला तो रंग दिला, १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसह पडद्यावरही दिसतो. १९६७ साली तो गेला. 'अलबेला'ची गाणी आपल्या घरोघर पाठ आहेत. पण चिक चॉकलेटच्या स्वतःच्या तबकड्या आपल्यापैकी किती जणांनी ऐकल्या आहेत?

आणि इथे तर कायद्याची सबबही उरलेली नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या मुंबईच्या जॅझ तबकड्यांवर आता कोणत्याही कंपनीचा फणा नाही. चाल बांधणाऱ्याचा हक्क निराळा असतो. तो त्याच्या वारसांना अवश्य पोचवावा. मग अडते कुठे? अडते ते कपाटाच्या कुलपाशी. पहिला नाग निघून गेला, तरी दुसरा बसून आहे, आणि तो आपल्यातलाच आहे.

तो उठू शकतो, याची उदाहरणे आहेत. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. या संग्राहकांनी श्रवणसभा भरवल्या, नियतकालिक काढले, कोणाजवळ काय आहे त्याच्या याद्या छापल्या. त्यांना कोणी लुटले नाही, त्यांच्या तबकड्या झिजून गेल्या नाहीत. उलट त्या चारचौघांच्या झाल्या. जॅझच्या शौकिनांनी एवढे करायला काय हरकत आहे? महिन्यातून एका रविवारी कपाट उघडा, शेजारची चार पोरे बोलवा, वाजवणाऱ्याचे नाव सांगा आणि मग सुई ठेवा.

घरोघरच्या मंडळींनाही माझे एक मागणे आहे. साफसफाईत माळ्यावरून तबकड्यांची पेटी निघेल. आजोबांची, मामांची, नाही तर पूर्वीच्या भाडेकरूची. जुन्या तबकड्या आपल्याच रानातल्या लाखेच्या असतात, हातून सुटल्या की फुटतात. म्हणून त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी मधल्या कागदावरची नावे वहीत उतरवून घ्या. गावात एखादा फोनो चालू असेल तिथे नेऊन एकदा ऐका. आवडले नाही तर ज्याला आवडेल त्याला द्या. मात्र ऐकवण्याच्या बोलीवर द्या, नुसते ठेवण्याच्या बोलीवर नव्हे.